स्कूबावर सरकारचं नियंत्रण हवं का? हवं: बोटीवर, हवेवर आणि माणसांच्या मोजणीवर

प्रश्न असा आला आहे: "मी डोंबिवलीला राहते. मुलगी सतरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर मालवणला जाऊन स्कूबा करायचं म्हणते, आणि आवडलं तर पुढे कोर्सही करायचा आहे. लहानपणी तिला दमा होता, आता औषधं बंद आहेत. चौकशी केली तर कुणी म्हणतं परवाना लागतो, कुणी म्हणतं काहीच लागत नाही. यावर सरकारचं नियंत्रण आहे की नाही? नसेल तर कडक कायदा का करत नाहीत?"

नियंत्रण आहे, पण ते चार-पाच कार्यालयांत वाटलेलं आहे आणि पाण्याखालच्या माणसापर्यंत ते क्वचितच पोचतं. खास स्कूबासाठी केलेला केंद्रीय कायदा भारतात नाही. बोटीचा परवाना आणि जलक्रीडेची परवानगी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. सिलिंडर येतो १८८४ च्या स्फोटक कायद्याखालच्या गॅस सिलिंडर नियमांत, आणि ते नियम पाहणारं केंद्र सरकारचं खातं म्हणजे पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं, तिथल्या प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, म्हणजे तिथे वनखातं आलं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही ठिकाणी साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं ते सांगतं. याशिवाय गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे आणि तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, पण या दोन्ही शिकवणाऱ्या संस्था आहेत. किनाऱ्यावर फिरून तपासणी करणं हे त्यांचं काम नव्हे.

मग होतं काय? बोट पास असते, सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, दारावर नोंदणीचा कागद असतो, आणि तुमच्या मुलीचा हात धरून पाण्यात नेणाऱ्या मुलाला नेमकं काय येतं हे यांतल्या कुणीच पाहिलेलं नसतं.

मी मुंबईत स्कूबा शिकवते. थिअरी आणि तरणतलावातला भाग इथे होतो, समुद्रातल्या डाइव्हसाठी विद्यार्थ्यांना मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमानला न्यावं लागतं, कारण मुंबईच्या गाळाच्या पाण्यात नवशिक्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. कायदा व्हावा की नको यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. माझं मत सांगते आणि ते कशावरून बनलं तेही सांगते.

पहिल्यांदा एक फरक लक्षात घ्या. स्कूबा म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक कोर्स: तीन-चार दिवस, थिअरी, परीक्षा, तलावात सराव, समुद्रात चार डाइव्ह, आणि शेवटी कार्ड. ते कार्ड असलेला माणूस जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याने स्वतःची हवा, खोली, वेळ स्वतः बघायची असते. दुसरी गोष्ट म्हणजे मालवणात हजारो पर्यटक करतात ती चाचणी डाइव्ह. किनाऱ्यावर किंवा बोटीवर थोडं समजावतात, हाताच्या खुणा दाखवतात, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं यंत्र, देतात, पाठीमागून एक जण सिलिंडर धरतो आणि पाच-सहा मीटरवर नेऊन मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. यात पर्यटकाने काहीच करायचं नसतं. म्हणजेच काही बिघडलं तर त्याला काहीच करता येत नाही. हवा किती उरली ते बघायचा काटासुद्धा त्याच्या हातात नसतो.

कायद्याची गरज या दुसऱ्या प्रकाराला आहे. शिकलेला डायव्हर बोटीवर चढल्यावर दहा गोष्टी स्वतः तपासतो आणि पटलं नाही तर उतरतो. पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय तपासायचं हेच ठाऊक नसतं, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं.

कोर्सच्या बाबतीत जगभर एक वेगळी व्यवस्था आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. सरकारांनी हात घालायच्या आधीच डायव्हर मंडळींनी आपल्या संस्था काढल्या. ब्रिटनची बीसॅक १९५३ ची, आंतरराष्ट्रीय महासंघ सीमास १९५९ चा, अमेरिकेतली पॅडी १९६६ ची. अभ्यासक्रम, प्रशिक्षकाची पात्रता, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी हे त्यांनी ठरवलं, आणि पुढे त्यातल्या बऱ्याच गोष्टी आयएसओच्या मानकांत गेल्या. अमेरिकेत कामगार सुरक्षेचे नियम १९७७ मध्ये व्यावसायिक डायव्हिंगला लागू झाले तेव्हा मनोरंजनासाठी शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना त्यातून वगळलं गेलं. आपल्या मुंबई हायच्या तेलफलाटांवर पाण्याखाली वेल्डिंग करणारे डायव्हर आणि मी, आमची दुनियाच वेगळी आहे. त्यांचे नियम मला लावले तर धंदा बंद पडेल, आणि माझे त्यांना लावले तर माणसं मरतील.

पण या स्वनियमनाला एक मोठं भोक आहे. माझ्याविरुद्ध तक्रार गेली तर माझी संस्था माझं सदस्यत्व काढून घेऊ शकते. जो कुठल्याच संस्थेचा सदस्य नाही, त्याचं ती काय काढून घेणार? आणि संस्थेला बोट थांबवता येत नाही, कंप्रेसर सील करता येत नाही. ते अधिकार सरकारचेच.

सरकारने रेघ कुठे ओढावी यावर निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. इस्रायलने १९७९ मध्ये मनोरंजनाच्या डायव्हिंगसाठी स्वतंत्र कायदाच केला: कार्ड हवं, विमा हवा, आणि सहा महिन्यांत पाण्यात उतरला नसाल तर आधी उजळणी डाइव्ह. मालदीवच्या २००३ च्या नियमांनी खोलीला हात घातला, तीस मीटरच्या खाली जायचं नाही आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतका वेळ खाली राहायचं नाही. फ्रान्समध्ये क्रीडासंहितेतच सगळं लिहिलेलं आहे, कुठल्या पातळीच्या डायव्हरने किती खोल आणि कुणाबरोबर जायचं इथपर्यंत.

मला सगळ्यात जास्त पटतं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं. १९९८ च्या जानेवारीत ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं डाइव्ह करत असताना त्यांची बोट त्यांना न घेताच किनाऱ्याला परतली. दोघं राहिले आहेत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ते पुन्हा सापडले नाहीत. त्यांच्याकडे कार्ड होतं, सामान ठीक होतं, पाणी फार खोल नव्हतं. चुकली ती बोटीवरची मोजणी. त्यानंतर तिथल्या नियमांत आणि पुढे २०११ च्या कायद्यात भर पडली ती अगदी साध्या कामांची: उतरताना आणि चढताना माणसं मोजा, आकडा लिहा, वरून पाण्यावर नजर ठेवणारा माणूस नेमा, डाइव्हच्या आधी प्रत्येकाकडून प्रकृतीची माहिती लेखी घ्या. हे नियम ज्याला डायव्हिंगमधलं ओ की ठो कळत नाही अशा निरीक्षकालाही तपासता येतात. वही उघडायची आणि बघायचं.

आपल्याला असे नियम हवेत. किनाऱ्यावरच्या बंदर निरीक्षकाकडून डायव्हिंगच्या तंत्राची परीक्षा घेण्याची अपेक्षा धरू नये, पण वही, कंप्रेसर आणि बोट तो नक्की तपासू शकतो.

आता कंप्रेसर. पालकांनी सगळ्यात जास्त काळजी कशाची करावी असं कुणी विचारलं तर मी हवेचं नाव घेते, कारण तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा समज आहे. ती आपली साधी हवा असते, दोनशे बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोनशे पट, दाबून भरलेली. ती भरणारा कंप्रेसर बऱ्याच ठिकाणी डिझेल किंवा पेट्रोल इंजिनावर चालतो, आणि त्याची हवा ओढणारी नळी कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. ती नळी उंच, मोकळ्या वाऱ्यात, इंजिनाच्या धुरापासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी लागते. शेडमध्ये गाडी सुरू करून ठेवली, वाऱ्याने दिशा बदलली किंवा कुणी नळी गुंडाळून खाली ठेवली, तर धूर थेट सिलिंडरमध्ये जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. युरोपच्या मानकात श्वसनाच्या हवेत तो दहा लाख भागांत पाचच्या वर चालत नाही, आणि दहा मीटरवर गेलं की दाब दुप्पट झाल्यामुळे त्याचा परिणामही दुपटीने होतो. लक्षणं कोणती, तर डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. बोटीवर हे कुणाला झालं की सगळे म्हणतात, "बोट लागली, लिंबू द्या."

शिवाय फिल्टर. हवेतली वाफ आणि तेल शोषून घेणाऱ्या भुकटीचं काडतूस ठरावीक तास चाललं की बदलायचं असतं. कोकणातल्या दमट हवेत ते पुस्तकात लिहिलेल्या तासांच्या आधीच संपतं. ते महाग असतं, हंगामात माणसांची रांग असते आणि मालकाला वाटतं, आणखी आठवडाभर चालेल. मी नवीन ठिकाणी गेले की सिलिंडरची झडप किंचित उघडून पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर हवा सोडते. पिवळट डाग किंवा ओल आली, तेलकट वास आला, तर त्या दिवशी डाइव्ह नाही. कार्बन मोनॉक्साइड अर्थात फडक्यावर दिसत नाही, त्यासाठी मोजयंत्र लागतं. ते हातात मावतं, आणि प्रत्येक कंप्रेसरमागे एक असणं ही एखाद्या केंद्राला न झेपणारी मागणी नव्हे.

पेसोचे नियम सिलिंडर फुटू नये यासाठी आहेत आणि ते काम महत्त्वाचं आहे, दोनशे बारचा सिलिंडर फुटला तर आसपास काही उरत नाही. पण आत भरलेली हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे किनाऱ्यावर नियमाने तपासणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. नवीन नियम करायचाच असेल तर पहिला हा करावा: हंगामात दर महिन्याला हवेचा नमुना तपासायचा, निकाल केंद्राच्या दारावर मराठीत लावायचा, आणि शेजारी फिल्टर बदलल्याची तारीख.

दुसरा मुद्दा बोटीचा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनारा दिसत असताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यांची डाइव्ह झालेली होती. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये डायव्हर्सच्या बोटीला रात्री आग लागली, खाली झोपलेले चौतीस जण गेले, आणि जागता पहारा ठेवण्याचा नियम असून त्या रात्री कुणी जागं नव्हतं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा मुंबईकरांना लाइफ जॅकेटचं महत्त्व कळलं. त्याआधी त्याच धक्क्यावरून आपण सगळे जॅकेट न घालता कितीतरी वेळा गेलो आहोत. सांगायचं इतकंच की लोक पाण्याखालच्या गोष्टींना घाबरतात, शार्क आहेत का विचारतात, आणि वरच्या बोटीकडे बघतही नाहीत. बोटीचा परवाना किती माणसांचा, आज माणसं किती, जॅकेटं किती, हे तीन आकडे कुणालाही मोजता येतात. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद ठेवण्याचा आदेश दरवर्षी निघतो, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बंदीच्या तोंडावर, शेवटच्या चार दिवसांच्या कमाईसाठी खवळत्या पाण्यात माणसं नेली जातात, तिथे निरीक्षकाने हजर असायला हवं.

तिसरा मुद्दा एका माणसामागे किती पर्यटक हा. चाचणी डाइव्हला एका प्रशिक्षकामागे चारपर्यंत अशी मुभा मोठ्या संस्थांच्या मानकांत असते, पण ती स्वच्छ, शांत पाण्यासाठी. मालवणला पर्यटकामागे एक माणूस अशी जी रीत पडली आहे ती चांगली आहे आणि तीच नियमात लिहावी. गर्दीच्या दिवसांत ती मोडते. दोन पर्यटक आणि मध्ये एक जण, दोन्ही हातांनी दोन सिलिंडर धरून. त्यातल्या एकाने घाबरून रेग्युलेटर थुंकला तर दुसऱ्याला धरायला हात उरत नाही.

"पाच मीटर तर आहे, त्यात काय होतंय," असं ऐकायला येतं. वर येताना दाब कमी होतो आणि फुफ्फुसातली हवा पसरते. समुद्राच्या पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढच्या कुठल्याही दहा मीटरमध्ये इतका मोठा फरक पडत नाही. म्हणजे हवा सगळ्यात झपाट्याने पसरते ती उथळ पाण्यातच. पूर्ण श्वास भरून, तो रोखून धरून माणूस दीड मीटरवरून झटकन वर आला तरी फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही हे वाक्य आम्ही पहिल्या तासाला इतक्या वेळा सांगतो की विद्यार्थी कंटाळतात. मालवणच्या मुलांमध्ये उत्तम पोहणारे, समुद्र घरासारखा ओळखणारे खूप आहेत. "भियां नको, मी आसंय," म्हणून ते पर्यटकाला धीर देतात आणि तो धीर खरा असतो. पण फुफ्फुसाची ही गोष्ट कुणी शिकवल्याशिवाय अनुभवाने समजत नाही, कारण रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याच्या मासेमारीवर, वाढलेला माणूस दम रोखूनच बुडी मारायला शिकलेला असतो.

याच मुलांमुळे मी सरसकट कडक कायद्याच्या विरोधात आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या धंद्याने मासेमारी आटलेल्या गावांत घरं चालवली आहेत. सिंधुदुर्गात यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं, तारकर्लीच्या केंद्रातूनही मुलं तयार झाली. उद्या दहा खात्यांची ना हरकत प्रमाणपत्रं, इंग्रजी अर्ज आणि लाखाची अनामत असा नियम आला तर दोन होड्यांवाला मालवणी मुलगा बाहेर पडेल आणि मुंबई-पुण्याची मोठी कंपनी फाईल घेऊन आत येईल. बोट तीच राहील, पाण्यात उतरणारा मुलगाही तोच, फक्त मालकाचा पगारी नोकर झालेला. परीक्षा मराठीत घ्या, तोंडी आणि पाण्यात घ्या, फी कमी ठेवा, पण ती दिल्याशिवाय पर्यटकाला हात लावू देऊ नका, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

डायव्हरला सरकारी परवाना द्यावा ही मागणीही मला पटत नाही. अमेरिकेतल्या डॅन या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये ९४७ मृत्यूंचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशी झाली ते कळू शकलं, त्यांत एक्केचाळीस टक्के वेळा सुरुवात हवा संपण्यापासून झाली होती, सामानाच्या बिघाडापासून पंधरा टक्के. हवा संपते कारण माणूस काटा बघत नाही. पन्नास बार उरले की वर असायचं हे त्याला माहीत असतं, कार्ड खिशात असतं. त्याच्या जोडीला सरकारी शिक्क्याचं आणखी एक कार्ड दिलं म्हणून तो काटा बघायला लागेल असं मला वाटत नाही. इस्रायलची उजळणीची अट मात्र मला आवडते. आठ-दहा वर्षांपूर्वी अंदमानात कोर्स करून नंतर कधीच पाण्यात न उतरलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी तलावात नेते. ही सक्ती डाइव्ह केंद्रावर असावी.

खोलीची मर्यादा मालदीवला ठीक, तिथे प्रवाहात खोल जायचा मोह आहे. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक जिथे जातात तिथे समुद्राचा तळच ती मर्यादा घालतो.

अपघातांची नोंद ही गोष्ट मात्र सरकारशिवाय कुणी करू शकणार नाही. आपल्याकडे घटना वर्तमानपत्रात चार दिवस येते, गुन्हा दाखल होतो, न्याय संहितेच्या १०६ कलमाखाली निष्काळजीपणाचा खटला उभा राहतो, आणि नेमकं काय चुकलं हे बाकीच्या केंद्रांपर्यंत पोचतच नाही. थोडक्यात निभावलेल्या घटना तर कुणीच सांगत नाही, कारण सांगितलं तर बदनामी. नावं झाकून का होईना, अशी माहिती एका जागी गोळा करून दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या केंद्रांना मराठीत वाचायला दिली तर मोठा फायदा होईल. नौदलातून निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार हे जहाज निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पर्यटन उभं करायची योजना सरकारनेच आखली आहे. बुडालेलं जहाज म्हणजे अरुंद दारं, गाळ, अंधार आणि आत शिरायचा मोह. तिथे कुणाला आणि कुठल्या प्रशिक्षणावर सोडायचं याचे नियम पहिला पर्यटक उतरण्याआधी तयार हवेत.

आता तुमच्या मुलीचं.

केंद्र निवडताना फोनवर तीन गोष्टी विचारा: पर्यटकामागे एक माणूस देणार का, तो माणूस कुठे शिकला, आणि पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का. तिथे गेल्यावर मैत्रिणीच्या आईबाबांना सांगा की बोटीवर चढताना माणसं आणि जॅकेटं मोजा, कंप्रेसर दिसत असेल तर त्याची नळी कुठे आहे ते बघा. पाण्यात नेण्याआधी उथळ जागी रेग्युलेटर काढून परत तोंडात घेणं, मास्कमध्ये गेलेलं पाणी काढणं आणि कान मोकळे करणं तिच्याकडून करून घेतलं नाही, तर तिने खाली जायला नकार द्यावा. पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल. खाली माशांना बिस्किटं किंवा पाव टाकून व्हिडिओ काढायला सांगितलं तर नाही म्हणावं. ते अभयारण्याचं पाणी आहे, आणि माशांचं ते अन्न नाही.

फॉर्मवर तुमची सही लागेल, ती अठरा वर्षांच्या आत आहे. "काहीही झाल्यास केंद्र जबाबदार नाही" असं त्यात छापलेलं असेल. त्या वाक्याला बिचकू नका आणि त्यावर विसंबूही नका. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीने पुसली जात नाही, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अन्यायकारक करार मानत नाही. पण सहीच्या आधीचा प्रकृतीचा भाग मात्र नीट वाचून खरा भरा.

तिथेच दम्याचा प्रश्न येतो. डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रकृती-प्रश्नावलीत दम्याबद्दल वेगळी विचारणा आहे, आणि उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांची परवानगी लागते. कारण वर सांगितलेलंच: वर येताना फुफ्फुसातली हवा पसरते आणि तिला बाहेर पडायला सगळ्या वाटा मोकळ्या लागतात. दम्यात बारीक श्वासनलिका आकसतात, हवा आत अडकते. शिवाय सिलिंडरमधली हवा कोरडी आणि गार असते, खारं पाणी नाकातोंडात जातं, आणि नवखा माणूस घाबरून भराभर श्वास घेतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने दमा उसळू शकतो. लहानपणी दमा असलेल्या सगळ्यांना डायव्हिंग बंद असं मात्र नाही. बऱ्याच वर्षांत त्रास नाही, औषध नाही आणि तपासणीत फुफ्फुसं चांगली निघाली, तर अनेकांना परवानगी मिळते. तिला आत्ताच, तिकिटं काढायच्या आधी, छातीच्या तज्ज्ञांकडे न्या. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या, शक्य असेल तर व्यायामानंतरचीही, आणि "स्कूबा डायव्हिंगसाठी" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसतं "पोहायला जाऊ का" असं विचारलं तर ते सहज हो म्हणतील.

मालवणला किंवा कुठेही, फॉर्म भरताना कुणी म्हणालं, "ताई, दम्याचं लिहू नका, नाहीवर खूण करा, उगाच अडकेल," तर पोरीला घेऊन तिथून निघायचं. एवढं एक मैत्रिणीच्या आईला आधीच सांगून ठेवा.

परवानगी मिळाली आणि पुढे कोर्स करायचा ठरलं, तर तोवर तिला न थांबता दोनशे मीटर पोहता येईल आणि आधार न घेता दहा मिनिटं तरंगता येईल इतका सराव होऊ दे, कोर्समध्ये ते करून दाखवावं लागतं. आणि कोर्समधल्या शेवटच्या समुद्री डाइव्हनंतर निदान अठरा तास विमान नाही, आंबोली किंवा गगनबावड्याचा घाटही लगेच नको. चिपी किंवा मोपाहून त्याच संध्याकाळचं विमान पकडायचा बेत आखू नका, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा.